रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बिल्ल्यावर होतं, पण त्या रात्री मला अक्षरच लागत नव्हतं.

पोरीची मान एका बाजूला पिळवटलेली, बुबुळं वर गेलेली, जीभ बाहेर, लाळ गळतेय. दुपारी ज्या दवाखान्यात उलट्यांवर इंजेक्शन दिलं होतं, तिथेच आधी नेलं. "बारावीचं टेन्शन, नाटकं आहेत, लक्ष देऊ नका," म्हणून त्यांनी वाटेला लावलं. जाऊबाईंनी लिंबू उतरवलं. त्यांचा राग नाही, त्यांना जेवढं ठाऊक तेवढं त्यांनी केलं. पण दुपारी स्वतः सुई टोचणाऱ्याला संध्याकाळी ती आठवू नये?

तुम्ही पहिलंच विचारलंत, "उलटीचं काही औषध दिलं होतं का?" मी पर्समधली चुरगळलेली चिठ्ठी काढली. मेटोक्लोप्रामाइड. तुम्ही तिथूनच डॉक्टरांना हाक मारलीत. या औषधाने एखाद्याचे, त्यातून कोवळ्या वयातल्या मुलींचे, मानेचे-जबड्याचे स्नायू असे आखडतात. ती फिट नव्हे, हे मला नंतर कळलं. फेनरगनचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासाच्या आत मान सरळ.

पण मी लिहितेय ते त्या इंजेक्शनसाठी नाही. ते भरून होईपर्यंत तुम्ही तिच्या कानाशी वाकून म्हणालात, "बाळा, तुला सगळं ऐकू येतंय, मला माहितीये. औषधाने झालंय, उतरेल." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आम्ही तीन तास तिच्या उशाशी 'हिला वेड लागलं की काय' असं बोलत होतो, आणि ती पूर्ण शुद्धीत होती! घरी आल्यावर म्हणाली, "आई, माझ्याशी बोलल्या त्या एकट्याच. बाकी सगळे माझ्याबद्दल बोलत होते."

सासूबाई शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांच्या उशाशी आम्ही काय काय बोललो असू, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

केसपेपरवर तुम्ही लाल पेनाने औषधाचं नाव लिहून दिलंत, "कुठेही गेलात तरी आधी हे दाखवा." त्याची झेरॉक्स तिच्या कंपासपेटीत आहे.

परवा पेढे घेऊन आले, तर तुमची पाळी बदललेली. मावशींनी तुमचा डबा कपाटात ठेवलाय. मुंग्या लागायच्या आत घ्या.

तिची आई