बदलीचा अर्ज यंदा नाही

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. न.

रविवारी बाबांनी पुन्हा बदलीच्या अर्जाचं काढलं आणि मी ‘राऊंड आहे’ म्हणून फोन ठेवला. राऊंड खरंच होता, पण उत्तर टाळलं हेही खरं. ते मनाला लागून राहिलं, म्हणून लिहितेय.

माझं खरं शिकवणं वर्गात कमी, वॉर्डात जास्त. फिमेल मेडिसिनला ४० खाटा, पेशंट त्याहून जास्त, काही खाली गादी टाकून. नर्सिंग परिषदेच्या निकषाने विद्यार्थी जिथे शिकतात अशा रुग्णालयात ३ पेशंटमागे १ सिस्टर हवी. आमच्याकडे रात्री दोघीच. अशा ठिकाणी माझ्या नर्सिंगच्या पोरी आधी भराभर हात चालवायला शिकतात. सलाईन, इंजेक्शन, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), पुढची खाट. पेशंटच्या तोंडाकडे बघायचं राहून जातं. मला धास्ती आहे ती त्याचीच, कारण ही सवय एकदा लागली की सुटत नाही.

परवा मेळघाटातली एक आजी होती, पक्षाघाताची. कोरकू बोलणारी, मराठी जेमतेम. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला बेडसोर. स्पंज द्यायचा होता आणि वॉर्डातला आडोशाचा एकुलता एक स्क्रीन दुसऱ्या खाटेपाशी. “मॅडम, पटकन उरकून टाकू,” एक मुलगी म्हणाली. मी बोलायच्या आत तिची मैत्रीण कपाटातली चादर घेऊन आली. दोघींनी टोकं धरून आडोसा केला. तिसरीने पाणी किती गरम आहे ते पाहिलं आणि आजीला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर चोळले. आजीने चांगल्या हाताने लुगड्याचा काठ घट्ट धरला होता. तिची मूठ हळूहळू सैल झाली.

आई, तळवे चोळणं मी शिकवलंय त्यांना. आपली आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा तू चुलीशी हात शेकून मगच तिला कुशीवर वळवायचीस. नर्सिंगला असताना मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

बाबा, तुम्ही म्हणता, सामानच नाही तिथे पोरी काय शिकणार? १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या एका रुग्णालयात, बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या (इन्क्युबेटर) पुरेनात. डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटना पेट्या असलेल्यांनाही तेच करायला सांगते. आमच्या पोरी ते आयांना शिकवतात, बापांनाही. म्हणून सिस्टरांच्या जागा रिकाम्या ठेवल्या तरी चालतं, असं मात्र नाही. सलग रात्रपाळ्या करून एखादी सिस्टर पेशंटवर खेकसते, तेव्हा मला तिचा राग येत नाही, तिला एकटं पाडणाऱ्यांचा येतो.

ही बॅच पुढच्या वर्षी बाहेर पडेल. तोवर मी अर्ज करत नाही. तुम्ही दोघंच घरी असता, याची जाणीव मला रोज असते. रागावू नका.

बाबांच्या पायाची सूज उतरली नसेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. आई, खांद्याला तेल लावायला माझी वाट बघू नकोस, वहिनी आली की तिला सांग. दुसऱ्या शनिवारी येते.

तुमची,
सुमी