परळच्या पुलाखालच्या त्या बाईविषयी

चि. रूथ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. परळच्या पुलाखाली मुलांना घेऊन राहणाऱ्या ज्या बाईविषयी तू लिहिलेस, तिला पैसे द्यावेत, अन्न द्यावे की एखाद्या संस्थेला देणगी देऊन मोकळे व्हावे, असे तू विचारतेस. मी याचे उत्तर इथे बसून देऊ शकत नाही, कारण ते त्या बाईपाशी आहे. यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेला आंधळा बार्तीमय प्रभू येशूला हाका मारू लागला, तेव्हा लोक त्याला गप्प बसवत होते. प्रभू मात्र थांबला, त्याला जवळ बोलावले आणि मी तुझ्यासाठी काय करावे, असे त्यालाच विचारले. आंधळ्याला काय हवे असणार हे उघड दिसत असतानाही त्याने विचारले. आपल्या मंडळ्यांमध्ये उदारपणा पुष्कळ आहे, पण हे विचारणे राहून जाते.

नाताळ जवळ आला की आपण ब्लँकेटे वाटतो. ते वाईट नाही; परंतु मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या बाईचे खरे हाल जूनमध्ये ताडपत्री गळू लागली की सुरू होतात, आणि पाणी, शौचालय, आंघोळीपुरता आडोसा व कामावर गेल्यावर सामान कोणाच्या भरवशावर ठेवायचे ही विवंचना तर बाराही महिने असते. फुटपाथ मोकळा करायला गाडी येते तेव्हा भांड्यांबरोबर आधार कार्डही जाते, आणि मग दवाखान्यापासून मुलांच्या शाळेपर्यंत प्रत्येक ठिकाणी अडचण होते. त्यामुळे तिने कदाचित तुझ्याकडे पैसे मागण्याऐवजी, कागदपत्रांसाठी कचेरीत सोबत ये, असे म्हटले तर नवल वाटून घेऊ नकोस.

तुझ्याबरोबर काम करणारे म्हणतात की ही माणसे गावी परत का जात नाहीत. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न होता. माणसे तिथे राहतात ती काम जवळ असते म्हणून, आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असे न्यायालयाने मान्य केले. तरी रीतसर सूचना देऊन त्यांना उठवण्याची मुभाही कायम ठेवली. पुढे 2010 मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा आणि तो वर्षभर, दिवसरात्र उघडा असावा, असे आदेश झाले. तुझ्या भागातला निवारा कोठे आहे, हे शोधून आधी स्वतः पाहून ये. आई, बाप आणि मुले यांना तिथे एकत्र राहता येते का, हे मुद्दाम विचार. तशी सोय नसली तर कुटुंब फुटू नये म्हणून माणसे पुलाखालीच राहणे पसंत करतात, आणि त्यांना त्याबद्दल हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे.

तुझ्या मामाच्या उपचारांच्या वेळी टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर मी जे पाहिले, ते तुला मी कधी नीट सांगितले नाही. दूरदूरच्या राज्यांतून आलेली माणसे तिथे रात्री झोपत, आणि प्रत्येकाच्या डोक्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली रुग्णालयाची फाईल असे, कारण ती हरवली तर उपचार अडतील ही धास्ती होती. त्यांतल्या कितीतरी जणांची गावाकडे घरे होती, शेतीही होती. बेघर म्हणजे आळशी किंवा व्यसनी, असे कोणी म्हणाले की मला त्या फायली आठवतात. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा अशाच रुग्णांना आसरा देते. ख्रिस्ती माणसाने तिच्यापुढे आदराने मान लववावी.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. तरुणपणी दुष्काळात आईवडील गेल्यावर भावाबरोबर अनवाणी, उपाशी वणवण त्यांनी भोगली होती. म्हणूनच 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला त्यांनी या मुलींना छप्पर दिले, तसेच शिक्षण आणि हाताला कामही दिले.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळ. भाकरीबरोबर धर्मप्रचाराची पत्रिका हातात ठेवू नकोस. भुकेल्या माणसाला नाही म्हणण्याची सोय नसते, आणि त्याच्या अगतिकतेचा फायदा घेऊन सांगितलेली सुवार्ता प्रभूला मान्य होईल असे मला वाटत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात न्याय करणारा राजा इतकेच पाहतो की भुकेल्याला खायला दिले का, परक्याला घरात घेतले का.

एकट्याने सगळे पेलायचे नाही, हेही लक्षात असू दे. प्रभूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानेही वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उतारशाळेत नेले, दोन दिनार देऊन उतारशाळेच्या रक्षकाची मदत घेतली, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगून तो आपल्या कामाला गेला. तूही जाशील तेव्हा बरोबर कोणी मैत्रीण ने, रात्री उशिरा जाऊ नकोस, आणि पुन्हा येईन असे सांगितलेस तर नक्की जा.

येत्या रविवारी उपासनेनंतर आमच्या महिला मंडळाची सभा आहे. यंदा ब्लँकेटांऐवजी काय घ्यावे, हा विषय मी मांडणार आहे. त्याआधी त्या बाईचे नाव आणि तिला काय हवे आहे ते मला फोनवर कळव.

तुझी,
आई