धाप हृदयाची आणि श्वासाची

बेलो ओरिझोंते, ब्राझील

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, की हे रुग्ण हृदयाचे, मग त्यांच्या श्वासाच्या स्नायूंशी फिजिओथेरपिस्टचे काय काम? त्या वेळी घाईत दिलेले उत्तर माझेच मला अपुरे वाटले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझ्या या रुग्णांच्या आजाराला चागास म्हणतात. बाबांनी चंद्रपूर जिल्ह्यात गुराढोरांवर उपचार करताना जो सर्रा रोग पाहिला, त्याच्या जंतूचा हा सख्खा नसला तरी चुलत भाऊ आहे. (आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला सर्राच्या जंतूची बाधा झाल्याचे 2005 साली प्रसिद्ध झाले होते, ते बाबांना आठवत असेल.) सर्रा गोमाशी पसरवते. चागासचा जंतू मात्र एका मोठ्या रक्तपिपासू ढेकणाच्या विष्ठेतून, खाजवलेल्या त्वचेवाटे किंवा डोळ्यावाटे शरीरात शिरतो. हा ढेकूण रात्री तोंडावर चावतो म्हणून इकडे त्याला 'न्हावी' म्हणतात. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतींसारख्याच इथल्या जुन्या घरांच्या भिंती, आणि त्यांच्या भेगांत त्याची वस्ती. रेल्वेमार्गाच्या कामावर मलेरिया आवरायला आलेल्या कार्लोस चागास यांनी 1909 साली, याच राज्यातल्या लासांस गावी, दोन वर्षांच्या बेरेनिस नावाच्या मुलीच्या रक्तात, म्हणजे माणसात, हा जंतू प्रथम पाहिला. ती मुलगी पुढे सत्तरी ओलांडून जगली, कारण बहुतेकांच्या हृदयाला हा जंतू काही करीत नाही. मात्र साधारण तीस टक्के लोकांत वीस-तीस वर्षांनी हृदयाचे स्नायू झिजतात, ठोके बिघडतात आणि हृदयाच्या टोकाशी फुगवटा येतो. इतका उशीर झाल्यावर जंतुनाशक औषधाने हृदयाची घसरण थांबत नाही, हे 2015 च्या मोठ्या चाचणीत दिसून आले.

आता मूळ मुद्दा. माझ्याकडे येणाऱ्या एकसष्ट वर्षांच्या एक बाई जेकितिन्योन्या खोऱ्यात, कुडाच्या घरात वाढल्या. त्यांच्या पायांवर सूज आहे, यकृत वाढलेले आहे, पण छातीच्या एक्स-रेमध्ये फुफ्फुसांत फारसे पाणी दिसत नाही, आणि चागासमध्ये असे पुष्कळदा आढळते. तरीही अंगण झाडताना त्यांना धाप लागते. त्याचे एक कारण श्वासपटलात, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यात, सापडले. हृदय दुबळे झाले की स्नायूंना रक्त कमी मिळते, आणि श्वासपटल हाही स्नायूच आहे. फरक एवढाच, की पायांना विश्रांती देता येते, त्याला देता येत नाही. तो थकला की शरीर त्याचे रक्त राखण्यासाठी पायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेते, त्यामुळे बाई 'पाय जड झाले' अशी तक्रार करतात आणि घरचे लोक गुडघ्याला तेल चोळत बसतात.

श्वासाच्या स्नायूंची ताकद मोजणे दिसते सोपे, पण त्यात शिस्त फार लागते. नाकाला चिमटा लावून, सगळा श्वास सोडून, नळीतून जोर लावून आत ओढायचे आणि तो जोर निदान एक सेकंद टिकवायचा. गालांच्या जोरावर कोणी आकडा फुगवू नये म्हणून नळीला बारीक छिद्र असते. पहिले एक-दोन प्रयत्न शिकण्यातच जातात, म्हणून अनेकदा करून त्यांतला सर्वांत चांगला धरायचा. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, आणि वय-लिंगानुसार अपेक्षित दाबाच्या सत्तर टक्क्यांखाली तो आला तर अशक्तपणा मानतात. या बाईंचा दाब निम्म्याहून थोडाच जास्त होता.

उपचार म्हणजे स्प्रिंगच्या झडपेचे एक छोटे उपकरण, ज्यात ठरावीक दाब लावल्याशिवाय हवा आत येत नाही. पोर्तो आलेग्रे इथल्या 2006 च्या अभ्यासात, हृदय दुबळे आणि श्वासाचे स्नायूही दुबळे अशा रुग्णांना कमाल दाबाच्या तीस टक्के भाराने रोज तीस मिनिटे, बारा आठवडे हा व्यायाम दिला, तेव्हा त्यांची ताकद आणि चालण्याची क्षमता दोन्ही सुधारल्या. ते रुग्ण सरसकट हृदयविकाराचे होते. चागासमध्ये ठोके अवचित बिघडू शकतात, म्हणून मी सुरुवातीला समोर बसवून, नाडीवर बोट ठेवूनच तो करून घेते. यातून हृदय दुरुस्त होत नाही, हे मी बाईंना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. 'अंगण झाडून होईल का तेवढे सांग,' असे त्या म्हणाल्या. आता त्या मध्ये एकदाच थांबून ते झाडतात.

आणि आई, जिना चढताना तुला लागणाऱ्या दमासाठी बाबा करोनाच्या वेळचे तीन चेंडूंचे यंत्र शोधत आहेत असे कळले. ते वेगळे. त्याने दीर्घ श्वास घेण्याची सवय होते, पण त्यात स्नायूवर ठरावीक भार पडत नाही. आधी ईसीजी आणि हिमोग्लोबिन करून घ्या आणि दोन्ही अहवालांचे फोटो मला पाठवा. यंत्राचे त्यानंतर बघू.

तुमची,
मुलगी