घुमट राहू द्या, मास्तर द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

किरणोत्सवात मावळतीची किरणं अंबाबाईच्या कमरेपाशीच थांबली, की वाटेत काय आडवं आलं याची चर्चा कोल्हापुरात आठवडाभर चालते. प्रकाशावरून वाटेतली वस्तू ओळखायची आम्हाला सवयच आहे. दीर्घिकासमूहांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकाविश्वांच्या जथ्यांचे, अभ्यासक हेच करतात. फक्त तिथे प्रकाश अडत नाही, वाकतो.

समूहाच्या गुरुत्वाने मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वळतो आणि त्यांच्या लांबट कमानी दिसतात. कमानींवरून समूहाचं वजन काढलं, तर तारे आणि तापलेला वायू मिळून जेमतेम सहावा हिस्सा भरतो. बाकी सगळं कृष्णद्रव्य, म्हणजे प्रकाश न देणारं, न दिसणारं द्रव्य.

मला २०१४ चा किस्सा फार आवडतो. हबल दुर्बिणीला अशाच एका समूहाआडच्या अतिनवताऱ्याच्या, म्हणजे स्फोट होऊन झळकलेल्या ताऱ्याच्या, चार प्रतिमा दिसल्या. गणित मांडणारे म्हणाले, थांबा, अजून एक यायची आहे. डिसेंबर २०१५ मध्ये ती आली! स्फोट एकच, वाटा वेगळ्या. पुरात शिरोलीचा रस्ता बंद झाला की वळशाची एसटी उशिरा पोचते, तसंच. या उशिरावरून विश्वप्रसरणाचा वेग काढता येईल, हे नॉर्वेच्या रेफ्सडालनी १९६४ मध्येच सांगितलं होतं. २०२३ मध्ये तो काढला. दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं अंतरामागे, सेकंदाला सुमारे ६५ ते ६७ किलोमीटर. जवळच्या अतिनवताऱ्यांवरून मोजणारे ७३ वर ठाम आहेत. भांडण चालू आहे, आणि त्यात आमची पोरं कुठेच नाहीत.

साहेब, हबल आणि वेब या अवकाश दुर्बिणींची निरीक्षणं पुढे सगळ्यांना फुकट खुली होतात. गगनबावड्याची मुलगीसुद्धा कमानी मोजू शकेल. तिला लागेल संगणक, बरं इंटरनेट आणि विषय येणारा माणूस. घोडं अडलंय ते माणसापाशी. मी शिकवायचो त्या कॉलेजात माझी जागा अजून भरलेली नाही. तासिका तत्त्वावरचा तरुण दोन कॉलेजं सांभाळतो आणि मानधनाची महिनोन्‌महिने वाट बघतो. त्याला कुठल्या तोंडाने सांगू, की मुलांकडून प्रकल्पही करून घे?

जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे. त्यांच्या नावाने इथे तारांगण करा, असं उद्या कुणी म्हणेल. घुमटाची फीत झोकात कापली जाते, कबूल. पण आधी जिल्ह्यातली भौतिकशास्त्राची रिकामी पदं भरा, आणि सुट्टीत महिनाभर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातले अभ्यासक शिवाजी विद्यापीठात येऊन मुलांना हे हाताने करायला शिकवतील, एवढी सोय करा.

फाइल मंत्रालयात अडली असेल तर मी स्वतः येतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट माझं मी काढीन.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर