जगबुडीच्या तारखा आणि आमची मंडळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘जगाच्या अंता’वरचा लेख वाचला. लेखकाने माहिती बरीच जमवली आहे, पण तमाम ख्रिस्ती लोकांना एकाच माळेत ओवले, हे फार खटकले. २३ सप्टेंबर २०२५ ला प्रभू येशू परत येणार म्हणून मोबाइलवर रान उठवणारे आणि दर रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘तुझे राज्य येवो’ म्हणणारे आम्ही एकच का? प्रभू परत येणार, हा आमचा विश्वास आहे आणि त्याची आम्हाला लाज नाही. पण तारीख? ती घटका देवदूतांनाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, असे बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात प्रभूच सांगतो. मग हे पंचांग मांडून बसणारे कोण लागून गेले?

अमेरिकेतल्या हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने २१ मे २०११ ही तारीख दिली, ती टळल्यावर २१ ऑक्टोबर दिली आणि २०१२ मध्ये तारीख सांगणे हे पाप होते, असे कबूल केले. तोवर काहींनी जन्माची पुंजी त्या तारखेच्या जाहिरातींत घातली होती. ती त्यांना कोणी भरून दिली?

अमेरिका राहू द्या. माझे दीर वारल्यावर धाकटी जाऊ एका हॉलमधल्या प्रार्थनासभेला जाऊ लागली. तिथल्या उपदेशकाने सांगितले, पुढचा नाताळ आपण इथे करणार नाही. जावेची मुलगी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. फीसाठी ठेवलेले पैसे सभेच्या मंडपाला गेले. ‘आता नर्स होऊन काय करायचंय, बाई?’ असे तिच्या आईने माझ्यासमोर तिला विचारले. पोरीने युनिफॉर्म घडी घालून ट्रंकेत ठेवला. आज ती साडीच्या दुकानात काउंटरवर उभी असते. नाताळ आला, गेला. उपदेशकाने पुढच्याच वर्षी घर बांधायला काढले, तेही वीस वर्षांच्या कर्जावर! मी जाब विचारायला गेले, तर म्हणे तुमचा विश्वास कमी पडला.

विश्वास कशाला म्हणतात, ते पवित्र शास्त्रात लख्ख लिहिले आहे. दुष्काळ पडणार असे अगब या संदेष्ट्याने सांगितले, तेव्हा अंत्युखिया नगरातले प्रभूचे शिष्य दिवस मोजत बसले नाहीत. प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे यहूदीयातल्या बांधवांना मदत धाडली. थेस्सलनीका नगरात काही विश्वासणारे काम सोडून हिंडू लागले, त्यांना प्रेषित पौलाने बजावले, काम करायचे नसेल तर खाऊही नका. आणि आपल्या पंडिता रमाबाई! १८९६-९७ चा दुष्काळ, त्यात प्लेग. शेवट आला असे वाटावे, असाच तो काळ. बाईंनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बाया पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या, त्यांना जेवू घातले, हाताला काम शिकवले. धनी येईल तेव्हा दास कामावर सापडावा, तो असा.

तुमच्या लेखकाने यातले काही लिहिले असते, तर माझ्या जावेसारख्या चार जणी तरी सावध झाल्या असत्या. पुढच्या वेळी लिहिण्याआधी एखाद्या पाळकाशी, मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याशी बोलायला सांगा, ही विनंती.

जाता जाता आणखी एक. आपल्या अंकात गुड फ्रायडेला ‘हार्दिक शुभेच्छा’ छापून येतात. तो आमच्या प्रभूच्या मरणाचा दिवस आहे. मागेही याबद्दल लिहिले होते, ते पत्र छापले गेले नाही. शुभेच्छा ईस्टरला द्याव्यात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर