‘असली सोलापुरी, दोनशेला दोन’ : वस्त्रोद्योग मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वस्त्रोद्योग मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सोलापुरात सोलापूरचा माल विकायला जागा मिळण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. चादरीच्या कापडाची जॅकेटं, बिनबाह्यांच्या बंड्या, लहान मुलांच्या कानटोप्या, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं, पायपुसणी असा माल आम्ही काही बायका मिळून शिवतो, जोडीला चादरीही विकतो. यातल्या बहुतेकजणी आधी विड्या वळायच्या. आपल्याला खूप कामं असतात, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसले होते. पण थोडक्यात लिहिलेले अर्ज कुठं जातात ते मला माहीत आहे, त्यामुळे आता सविस्तरच लिहिते.

गेल्या आठवड्यात आमच्या शहरात थंडीचे कपडे आणि घरगुती वस्तूंचं एक प्रदर्शन झालं. कोणी भरवलं ते लिहीत नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात अर्ज घेऊन उभं राहायचं आहे. पावसाळ्यात त्यांनीच आम्हाला बैठकीला बोलावलं होतं. पुढची रांग स्थानिक लघुउद्योजकांना, बायकांच्या गटांना गाळ्याचं भाडं नाही, असं व्यासपीठावरून सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग उसनवारी करून कापड उचललं आणि रात्री जागून शिवलं. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन गेलो, तर पुढची अख्खी रांग भाडं भरणाऱ्या बाहेरच्या व्यापाऱ्यांना दिलेली. आम्ही मागे, जनरेटरच्या शेजारी. साहेब, सुती कापड डिझेलचा वास पटकन धरतं. तो धुतल्याशिवाय जात नाही, आणि धुतलेला माल नवा म्हणून विकता येत नाही. दुपारपर्यंत आमची निम्मी जॅकेटं रॉकेलच्या दुकानात टांगल्यासारखी झाली होती.

तेही सोसलं असतं. पण प्रवेशद्वाराजवळच्या पहिल्याच गाळ्यावर फलक होता : ‘असली सोलापुरी चादर, दोनशेला दोन’. त्यावर सिद्धेश्वराच्या देवळाचं चित्रसुद्धा. मी जाऊन हात लावला. बुळबुळीत, हलकी, एका बाजूला नक्षी आणि दुसऱ्या बाजूला नुसता छापाचा डाग. एक गिऱ्हाईक ती चादर काखेत मारून माझ्याकडे आलं आणि म्हणालं, ‘मावशी, तिथं दोनशेला दोन आहेत, तुम्ही एकीचेच सहाशे कसले सांगता ओ?’ चारचौघांत मी लुटारू ठरले. आयोजकांच्या टेबलावर जाऊन सांगितलं, हा माल आमच्या गावचा नाही. तिथले साहेब मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, ‘बाई, तेपण भारतीयच आहेत की.’ आणि संध्याकाळी समारोपाला पाहुण्यांच्या खांद्यावर ‘सोलापूरची आठवण’ म्हणून जी चादर टाकली, ती त्याच पहिल्या गाळ्यातली होती. फोटो दुसऱ्या दिवशी छापूनही आला.

आता कायद्याचं बोलते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन, म्हणजे हे नाव फक्त इथल्याच मालाला लावायची सरकारी नोंद, मिळून वीसेक वर्षं झाली. भाषणात याचा उल्लेख केल्याशिवाय एकही पुढारी सोलापुरातून परत जात नाही. मी तो 1999 चा कायदा एका वकिलांकडून समजून घेतला. खोटं मानांकन लावून माल विकला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. वाचायला किती छान वाटतं! पण त्याच कायद्यात असंही आहे की, पोलिसांनी झडती घेऊन माल जप्त करण्याआधी मानांकनाच्या रजिस्ट्रारचं मत घ्यायचं, आणि ती कारवाई उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायची नाही. ती रजिस्ट्री चेन्नईला. म्हणजे होम मैदानावर बनावट चादर विकली जात असेल, तर आधी चेन्नईहून मत येणार, तोवर तिथली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठणार आणि व्यापारी पुढच्या गावाला पोचणार. एवढ्या वर्षांत या कलमाखाली सोलापुरात कोणी आत गेल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही. आपल्या कानावर असेल तर कळवा, आम्ही पेढे वाटू.

पुण्या-मुंबईची माणसं वंदे भारतने येतात, सिद्धेश्वराचं दर्शन घेतात, शेंगाचटणी घेतात आणि विचारतात, खरी चादर कुठं मिळेल? सोलापुरात येऊन हे विचारावं लागतं, यातच सगळं आलं. दुकानदार दोन्ही माल ठेवतो, त्यालाही पोट आहे. मग मी माझ्या परीने सांगते. चादर उलटी करून बघा. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेल्या आमच्या चादरीत नक्षी दोन्ही अंगांनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते; इकडे लाल मोर तर तिकडे पांढरा. हातात तोलून बघा, सुती चादर जड लागते. कडेचा एक धागा काढून जाळा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. नवी असताना खळीमुळे ती जरा खरबरीत लागेल, दोन-चार धुण्यांनंतर अंगाला बिलगेल. हे सगळं मी शिवणयंत्र सोडून समजावत बसते. आपल्या खात्याने या ओळींचा एक फलक रेल्वे स्टेशनवर आणि एसटी स्टँडवर लावला असता तर माझा घसा वाचला असता.

कुणी घोंगडी मागतं. त्यांना मी सांगोला, मंगळवेढ्याकडचा रस्ता दाखवते. घोंगडी विणणाऱ्या सणगरांचे खड्डामाग (खड्ड्यात पाय सोडून चालवायचे हातमाग) तिथं अजून कुठंकुठं चालू आहेत. दख्खनी मेंढीची लोकर, वर चिंचोक्याची खळ, अशी घोंगडी एकदा घेतली की नातवापर्यंत पुरते. पण आता लोकरीला भाव नाही. कातरलेली लोकर धनगर बांधावर टाकून देतात, आणि दुसरीकडे आमच्याच रस्त्यांवर दर हिवाळ्यात लुधियानाच्या स्वेटरांचे ढीग लागतात. विकू देत, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला. पण सोलापूर जिल्ह्याची लोकर मातीत आणि सोलापूरकर परगावच्या स्वेटरात, हे गणित कुठल्या धोरणात बसतं?

धोरणावरून आठवलं. आपल्या राज्याचं वस्त्रोद्योग धोरण आहे, 2023 ते 2028 चं. नावातच ‘एकात्मिक व शाश्वत’ आहे. आम्ही त्यात कुठं आहोत ते शोधून शोधून डोळे दुखले. मी यंत्रमागधारक नाही, म्हणून वीज सवलत नाही. विणकर नाही, शिवणारी आहे, म्हणून मानांकनाच्या नोंदणीतही बसत नाही. केंद्राच्या कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेत मात्र शिंपी बसतो म्हणाले, म्हणून मी गेले. माझ्या नवऱ्याचं आयुष्य मागावर गेलं, तर त्याचंही नाव घाला म्हटलं. त्या अठरा व्यवसायांच्या यादीत शिंपी आहे, टोपल्या-चटया विणणारा आहे, मासेमारीचं जाळं विणणारा आहे. कापड विणणारा नाही! मुद्रा कर्जाला तारण लागत नाही असं टीव्हीवर सांगतात. एका बँकेत मला जामीनदार आणायला सांगितलं, तोही सरकारी नोकर. सरकारी नोकर माझ्या ओळखीत असता तर पुढच्या रांगेतला गाळाच नसता का मिळाला?

सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी कमी झाला. बाजारात पेढे, फलक, आभार, सगळं झालं. आमची चादर आधीही हजाराच्या आतली, म्हणजे पाच टक्क्यांत; आताही पाचच टक्के. सुती धागा आधी पाच, आता पाच. कमी कशाचा झाला? मानवनिर्मित धाग्याचा, बारावरून पाचवर. म्हणजे ज्या पॉलिस्टरच्या चादरीने आमचं गिऱ्हाईक पळवलं, तिचा धागा आपण स्वस्त केला. हा निर्णय दिल्लीचा आहे, आपला नाही, हे मला कळतं. पण आपण त्यावर काय बोललात, ते कळलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळ्याकडची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. आम्हीही गल्लीतून चादरी गोळा करून पाठवल्या. एका गावात मदतीचं वाटप चालू होतं, तिथं गठ्ठे फुटले तर आत पातळ ब्लँकेटं, पिशवीवर पानिपत छापलेलं. चादरीच्या जिल्ह्यात पूर, आणि पांघरूण हरियाणाचं. देणाऱ्याचे हात मोठे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरकारी दवाखाने, वसतिगृहं, आश्रमशाळा, तुरुंग यांच्या खाटांवर किती चादरी लागतात, याचा हिशोब एकदा करा आणि त्यातल्या निम्म्या इथल्या लहान कारखानदाराकडून घ्या. केंद्र सरकारच्या खात्यांनी खरेदीतला पंचवीस टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा आणि त्यात तीन टक्के बायकांच्या उद्योगांकडून, असा नियम आहे. तीन टक्के! त्या तीन टक्क्यांतला एक रुपयाही आमच्या बोळापर्यंत आलेला नाही.

आपण आम्हा बहिणींना महिन्याला दीड हजार देता. निवडणुकीत एकवीसशे म्हणाला होतात, ते विसरून जाऊ. मला ते पैसेसुद्धा नकोत हो, महिन्याला चार जॅकेटं विकत घ्या माझ्याकडून. कापड, अस्तर, चेन, बटणं, रिक्षाभाडं जाऊन एका जॅकेटमागे दीडशे रुपये सुटतात. मंत्रालयातल्या एका मजल्यावरच्या माणसांनी एकेक घेतलं तरी आमचा हिवाळा निघेल.

आमच्याकडे पुढारी आला की त्याचा चेहरा मागावर विणून वॉल हँगिंग करून देतात. ती कारागिरी बघण्यासारखी असते. मिशीतला पांढरा केससुद्धा सोडत नाहीत. त्या भेटी कुठं जातात हो? कुठल्या बंगल्यात लागलेल्या असतात? विणणाऱ्याला पुढे काम मिळतं का, की फोटो काढून संपलं?

माझे सासरे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. त्याआधी जुनी गिरणी बंद पडली होती, 1877 ची. मग ही पडली, नरसिंग गिरजीही गेली. गिरणी गेली तसे सासरे घरात बसले आणि शेवटपर्यंत भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे. नवरा यंत्रमागावर. बारा-बारा तास खटखटीत उभं राहून आता त्याला ऐकू कमी येतं, म्हणून घरात मी ओरडून बोलते आणि शेजारच्यांना वाटतं, रोज भांडण असतं. माझा मुलगा मागावर बसला नाही. पुण्यात डिलिव्हरी करतो. त्याला काय सांगू, परत ये म्हणून? 2025 च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ माणसं गेली; मालकाचं कुटुंब आणि कामगार एकाच आगीत. कारखान्यातच राहणं, कारखान्यातच झोपणं. त्यानंतर किती कारखान्यांत पाण्याची टाकी, दुसरा दरवाजा, बाहेर पडायची वाट बघितली गेली? पाण्याचं तर बोलायलाच नको. 117 टीएमसीचं उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात आणि शहराला नळ चार-पाच दिवसांनी. रंगाईला पाणी लागतं साहेब, नुसत्या भाषणाने सूत रंगत नाही.

हे सगळं आपल्या खात्याचं नाही, असं आपले स्वीय सहायक म्हणतील. वीज एका खात्याकडे, पाणी महापालिकेकडे, कर दिल्लीकडे, मानांकन चेन्नईकडे, गाळा कुणाच्या भाच्याकडे. मग वस्त्रोद्योग खात्याकडे नेमकं काय आहे? उद्घाटन? 1930 मध्ये या गावाने इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, सोसला, गिरणी कामगार रस्त्यावर होते, पुढच्या जानेवारीत चार माणसं फासावर गेली. त्या गावात आज स्वदेशी मालाला मागच्या रांगेत, जनरेटरजवळ जागा मिळते.

मागण्या थोड्याच आहेत. स्थानिक म्हणून भरवलेल्या प्रदर्शनात गाळा देताना माल कुठं तयार झाला याची पावती बघा, आधार कार्डावरचा पत्ता नव्हे. बनावट चादरीवर जिल्ह्यातच कारवाई करता येईल, अशी तरतूद दिल्लीकडे लावून धरा. स्टेशनवरच्या ‘एक स्थानक एक उत्पादन’सारखे गाळे पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर इथंही उघडा आणि ते आळीपाळीने लहान गटांना द्या. आणि डिझेलने वास मारलेल्या आमच्या मालाचं काय करायचं, तेही सांगा. भरपाई मागत नाही. मागितली तर तीन प्रतींत अर्ज आणि वासाचा पंचनामा मागाल.

उत्तर देणार असाल तर संक्रांतीच्या आत द्या. आमच्याकडे थंडी तेवढीच असते. गड्ड्याच्या जत्रेनंतर जॅकेट कुणी घेत नाही, आणि फेब्रुवारीत सुताची उधारी फेडायची आहे.

आपली,
चादरीचं कापड शिवणारी एक बाई
पूर्व भाग, सोलापूर