वॉल्ट्झच्या टॅबमध्ये सम सरकली आहे: दुरुस्ती किंवा परताव्याची मागणी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘लोकशैलीतला वॉल्ट्झ गिटारवर’ या आपल्या ऑनलाइन अभ्यासक्रमातील चुकीच्या टॅबबाबत तक्रार.

महोदय,

मी राजारामपुरी, कोल्हापूर इथे राहतो. मुलगी व्हायोलिनवर चाल वाजवते आणि मला तिला गिटारची साथ द्यायची होती, म्हणून आपला अभ्यासक्रम पूर्ण पैसे भरून घेतला. व्हिडिओतले शिक्षक सुरेख वाजवतात, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबत दिलेल्या टॅबबद्दल, म्हणजे कोणती तार कुठे दाबून कधी छेडायची ते दाखवणाऱ्या लिखित पानांबद्दल.

वॉल्ट्झ हा पाश्चात्त्य नाचाचा ताल तीन मात्रांचा. पहिल्या मात्रेला बेसची, म्हणजे खर्जाची, तार, पुढच्या दोन मात्रांना कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, आणि वजन पहिलीवर. आपल्या धड्यातली चाल समेच्या, म्हणजे वजनाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी एका मात्रेच्या उचलीने सुरू होते. ही उचल पहिल्या पूर्ण बारच्या, म्हणजे तीन मात्रांच्या घराच्या, बाहेर लिहायला हवी. आपल्या टॅबमध्ये ती बारच्या आत, पहिल्या मात्रेवर बसवली आहे. त्यामुळे पुढचा प्रत्येक बार एका मात्रेने सरकला आणि चालीची खरी सम दुसऱ्या मात्रेवर जाऊन पडली. मुलगी कानाने ऐकून बरोबर वाजवते, मी कागद बघून वाजवतो, आणि आमचा मेळ बसत नाही. हा नाचाचा प्रकार आहे. नाचणाऱ्याचं पाऊल ज्या मात्रेवर पडायचं तिथेच बेस नसेल, तर साथ कसली?

दुसरी चूक डी कॉर्डची. तिथे बेसला सहावी तार मोकळी छेडायला लिहिलं आहे. ती ई वाजते, आणि डी कॉर्डमध्ये ई हा सूरच नाही. आधी चौथी मोकळी, पुढच्या बारला पाचवी मोकळी, असं हवं. जीवरून सीवर जातानाची बेसची चाल तर टॅबमध्ये गाळूनच टाकली आहे. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट (गिटारच्या दांडीवरचा पडदा), पाचवी मोकळी, पाचवीचा दुसरा फ्रेट आणि मग सीची सम पाचवीच्या तिसऱ्या फ्रेटवर, असं शिक्षक वाजवतात. व्हिडिओ थांबवत थांबवत मला ते उतरवून घ्यावं लागलं. जाहिरातीत मात्र ‘बेसच्या चालींसह संपूर्ण टॅब’ असं लिहिलं आहे.

हे सगळं मी आपल्याला कळवलं होतं. उत्तर आलं की मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) लावून सराव करा, आणि भारतीय विद्यार्थ्यांनी हा ताल दादरा समजून वाजवावा. हे उत्तर मला फार लागलं. मी तबला शिकलेला माणूस आहे. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन विभागांचा, आणि चौथ्या मात्रेला खाली, म्हणजे वजन न देता सोडलेली मात्रा. वॉल्ट्झमध्ये तीन मात्रा संपल्या की पुन्हा बेस, पुन्हा तेवढंच वजन. तिथे खाली नाही. दोन्ही ताल मोजायला जवळचे वाटले तरी झोक वेगळा आहे. शिवाय ताल कोणताही समजा, लिहिताना सम सरकली असेल तर ती मेट्रोनोमने जागेवर येत नाही. नवशिक्या मुलांच्या हातात असा कागद गेला तर ती चुकीचं वजन हातात बसवतील, आणि एकदा बसलेला हात सोडवणं फार अवघड असतं. पैशांपेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं.

माझी मागणी अशी: उचल, डी कॉर्डचा बेस आणि जी-सीची चाल दुरुस्त केलेले टॅब पंधरा दिवसांत द्यावेत आणि अभ्यासक्रम घेतलेल्या सर्वांना पाठवावेत. ते जमत नसेल तर माझी पूर्ण रक्कम परत करावी. तसं न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते, त्यामुळे गरज पडली तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाईन.

सोबत पैसे भरल्याची पावती, टॅबच्या पानांवर खुणा केलेले फोटो आणि आपल्या उत्तराची प्रत जोडली आहे. या वेळी उत्तर संगीत जाणणाऱ्या व्यक्तीकडून यावं, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक
राजारामपुरी, कोल्हापूर